ऊद मेथाचं न झालेलं स्टेडियम

कधीच न बांधलेलं स्टेडियम एखाद्या माणसाला त्याच्या जागेवरून उठवून लावू शकतं का?

उत्तराची घाई करू नका. मी रोज सकाळी शारजातल्या अल नहदाहून बसनं दुबईत कामाला येते आणि ऊद मेथाच्या त्या वळणावर खिडकीतून बाहेर बघते. तिथं आता गाड्या उभ्या असतात, ओळीनं, धुळीनं एकाच रंगाच्या झालेल्या. बघणाऱ्याला ते साधं पार्किंग दिसेल. मला तिथं दोन गोष्टी दिसतात. एक होती आणि गेली. दुसरी येणार होती आणि आली नाही. पहिली दुसरीसाठी गेली, आणि दोन्हींपैकी काहीच उरलं नाही.

उन्हाळ्यात मला हे छळत नाही. इथं ऋतू दोनच, एसी चालू ठेवावा लागतो तो आणि एसी बंद करता येतो तो. वर्षातले बरेच महिने आपण त्या घरघरीत जगतो. ती इतकी सवयीची होते की ऐकूच येत नाही. मग नोव्हेंबरात एका सकाळी आई उठते, बटण दाबते, खिडकी सरकवते आणि म्हणते, "खलास. आता मार्चपर्यंत सुटका." घर एकदम गप्प होतं. त्या शांततेत बाहेरचं सगळं आत येतं. कुणाच्या तरी गॅलरीतल्या कपड्यांचा ओला वास, खालच्या कॅफेटेरियातला पराठा, बांगेनंतरची पावलं. आणि मला, शारजाच्या नवव्या मजल्यावर, जिथं खाली फक्त रस्ता आहे तिथं, टेप गुंडाळलेला चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज येतो. टप्. मग लांबून कुणीतरी घाई करत ओरडतं, "यल्ला उस्ताद, यल्ला!"

मी खिडकीशी जाते. खाली काही नसतं.

तेव्हा आम्ही दुबईच्या करामा भागात राहत होतो. नव्वदीची शेवटची वर्षं. मी शाळेत होते. दोन खोल्या आणि एक मोठा हॉल असा फ्लॅट, खाली मंगलोरी हॉटेल, समोर शिंपी. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटे आईचा भाऊ, विलासमामा, सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पवरून यायचा. तो एका बांधकाम कंपनीत शटरिंगचा सुतार होता. एका खोलीत आठ जण राहायचे, दोन-दोन मजली पलंग. आमच्याकडे आला की आधी तो तोंड धुवायचा आणि मग बेसिन पुसून कोरडं करायचा. आई चिडायची. "अरे, हे तुझ्या बहिणीचं घर आहे. बेसिन कसलं पुसतोस?"

"सवय झाली गो," मामा म्हणायचा. "तिकडं पाठीमागं माणूस हुबा असतो."

पोहे खाऊन तो बॅट घेऊन निघायचा. मी चहाचा थर्मास घेऊन त्याच्या मागं. ऊद मेथाला, शाळांच्या पलीकडं, वाळूचं एक मोठं पटांगण होतं. धुकं असायचं. धुक्यातून आधी आवाज यायचे, मग माणसं. केरळी ड्रायव्हर, पेशावरचे गवंडी, श्रीलंकेचे हॉटेलवाले, आणि आपली कोकणातली पोरं. कुठल्याशा हॉटेलानं टाकून दिलेला लाल गालिचा त्यांनी वाळूवर अंथरून खिळ्यांनी घट्ट ठोकला होता. ती त्यांची खेळपट्टी. खिळे मामाचे, ठोकणंही मामाचं. पेशावरचा गुलखान नावाचा उंच गोलंदाज लांबून पळत यायचा आणि चेंडू टाकण्याआधीच ओरडायचा, "उस्ताद, आज तेरा खलास!" मामा नुसता हसायचा. आठवडाभर त्याला सगळे नंबरानं किंवा "ए कारपेंटर" म्हणून हाक मारायचे. इथं तो उस्ताद होता. नमाजाची वेळ झाली की खेळ थांबायचा, आणि सहा दिवसांसाठी पुन्हा कारपेंटर.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मामाचं लग्न झालेलं होतं. गुहागरला मामी होती, दोन मुलं होती. पण बायकोमुलांना इथं आणायला जेवढा पगार लागतो तेवढा त्याचा नव्हता. त्यामुळं इथल्या भाषेत तो बॅचलर. हा शब्द इथं माणसाच्या लग्नाबद्दल काही सांगत नाही, कुठं येऊ द्यायचं नाही एवढंच सांगतो. या इमारतीत बॅचलर नकोत. या दिवशी बागेत फक्त फॅमिली. चाळिशी उलटलेला, खिशात मुलांचे फोटो बाळगणारा माणूस बागेच्या फाटकाशी थांबायचा आणि आम्हाला म्हणायचा, "तुम्ही या जाऊन. मी बसतो हितं."

माझ्या आजोबांचा, आईच्या वडिलांचा, चिपळूणला लहानसा छापखाना होता. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. एसटीचा थांबा हलवला, काढा पत्रक. ते आम्हाला कोकम आणि पापड पाठवायचे, ते उरल्यासुरल्या पत्रकांतच गुंडाळून. मी मराठी वाचायला त्या तेलकट कागदांवर शिकले. माझ्या वर्गातली मराठी मुलं घरीसुद्धा इंग्रजीत बोलत, आणि मला सलग वाचता आलेलं पहिलं मराठी वाक्य होतं, "बंधू-भगिनींनो, किती दिवस गप्प बसणार?" पापड खाताना ते वाचायचं आणि बाहेर जाऊन गप्पच बसायचं. इथं पत्रक काढायची सोय नव्हती, आणि काढून चिकटवायला एकही भिंत आपली नव्हती.

त्या हिवाळ्यात कर्णिककाका बेसबॉल घेऊन आले.

कर्णिककाकांचा ट्रेडिंग आणि कॉन्ट्रॅक्टिंगचा मोठा व्यवसाय. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. बाबा त्यांच्याच कंपनीत एस्टिमेटर, कामांच्या खर्चाचे अंदाज काढणारे. बाबांचा व्हिसा, आमचा फ्लॅट, माझ्या शाळेची फी, सगळं त्या कंपनीच्या लेटरहेडवर उभं होतं. त्यांचा मुलगा रोहन अमेरिकन मुलांच्या शाळेत जायचा आणि बेसबॉल खेळायचा. तिथल्या पालकांची एक लीग होती. त्यांना हिरवळीचं, दिव्यांचं, बसायला पायऱ्या असलेलं लहानसं स्टेडियम हवं होतं. जो समाज वर्गणीत भाग घेईल त्याला जागेबाबत मत देता येईल, आणि पुढं वर्षातून काही दिवस ते मैदान त्याच्या कार्यक्रमांना मिळेल. कर्णिककाकांना वाटलं, ही संधी आहे. गणपती, क्रीडा महोत्सव, हळदीकुंकू, सगळं एका छान हिरव्या जागी. माणूस वाईट नव्हता. आपल्या लोकांचं काहीतरी इथं उभं राहावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

सभा आमच्या घरी झाली, कारण आमचा हॉल मोठा होता आणि बाबांना नाही म्हणता येत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी. मामा मैदानावरून आला होता, तो थांबला. त्यानं शेजारच्यांकडून खुर्च्या आणल्या, मग स्वयंपाकघरात आईला बटाटेवडे तळायला मदत करू लागला.

आधी बराच वेळ बेसबॉल म्हणजे काय यावरच गेला.

"विटीदांडूच की हो," देशमुखकाकू म्हणाल्या. त्यांचा करामात पोळी-भाजीचा व्यवसाय होता आणि जिभेला धार होती. "फक्त विटी गोल केली आणि तिकीट लावलं."

"अहो काकू, जागतिक खेळ आहे तो!"

"असेल. आपल्यातल्या कुणी खेळलाय? हात वर करा बघू."

हात कुणाचाच वर गेला नाही. कर्णिककाकांनी रोहनला पुढं केलं. "सांग रे यांना, पिच कशी असते ती."

"इट्स नॉट अ पिच, डॅड," रोहन जमिनीकडं बघत म्हणाला. "इट्स अ डायमंड."

"ऐका!" काकू म्हणाल्या. "हिऱ्याचं आहे, म्हणूनच वर्गणी एवढी."

वर्गणीचा आकडा निघाला, कुणीतरी लगेच मोठ्यानं दिरहमचे रुपये केले, आणि "बापरे" असा एक सामूहिक सुस्कारा उठला. कुणी म्हणालं, तेवढ्यात नाशिकला प्लॉट येईल. कुणी म्हणालं, मग जा की नाशिकला. वडे आले. वड्यांबरोबर सूर मऊ झाला आणि वर्गणीचं गाडं पुढं सरकलं.

मग जागा. दोन सुचवल्या होत्या. एक अवीरच्या रस्त्याला, लांब, जिथं तेव्हा नुसते उंट आणि खांब होते. दुसरी ऊद मेथाची.

"अवीरला कोण मरायला जाणार?" एकजण म्हणाले. "ऊद मेथाला कसं चालत जाता येतं. शाळा जवळ, हॉस्पिटल जवळ. आणि जागा रिकामीच पडली आहे."

मामा वड्यांचं ताट घेऊन दारात उभा होता. "रिकामी नाय ती," तो म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. राग कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. ताटानं बोलावं तसं आश्चर्य होतं.

"शुक्रवारी आमी खेळतो ना तिथं. पाच-सहा टीम असतात."

"अहो विलासराव, मग उत्तमच," कर्णिककाका म्हणाले. "स्टेडियम झालं की तुम्ही सगळे येऊन बसा पायऱ्यांवर. तुम्हाला तिकीट माफ."

"बसायचं नाय साहेब. खेळायचं हाय."

"इन्शाल्ला, त्याचंही बघू काहीतरी."

देशमुखकाकूंनी मात्र मुद्दा उचलला. "खरंय हो. ती पोरं कुठं जातील? त्यांच्याकडं गाड्या आहेत का अवीरला जायला? आपल्याकडं आहेत. आपणच जावं की लांब." दोघातिघांनी माना डोलावल्या. वाद पेटला. बंधू-भगिनींनो म्हणावं असं काहीतरी त्या खोलीत पहिल्यांदाच चाललेलं होतं, आणि मी भिंतीला टेकून सुखानं एकेक शब्द टिपत होते.

मतदान हात वर करून. नियम असा की एका कुटुंबाचं एक मत, आणि सभासदत्व कुटुंबालाच. कर्णिककाका मोजत होते. ऊद मेथाच्या बाजूनं हात वर गेले. बाबांनी आधी चष्मा पुसला, मग हात वर केला. खांद्याच्या वर नाही गेला तो, पण मोजला गेला. मग अवीर. देशमुखकाकूंचा हात, त्यांच्या घरचं मत त्याच द्यायच्या, आणि आणखी काही हात. आणि दारात, पिठानं माखलेला मामाचा हात.

कर्णिककाकांचं मोजणारं बोट त्याच्यापाशी आलं आणि थांबलं.

"विलासराव, खाली घ्या हात," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "तुम्ही आमचेच हो. पण मत फॅमिलीचं असतं ना."

"माझी फॅमिली हाय ना साहेब," मामा म्हणाला. "गुहागरला हाय."

लोक हसले. छान विनोद झाला म्हणून, मोकळेपणानं, आपल्या माणसाला हसावं तसे. मामाही हसला. पण त्याचा हात काही क्षण तसाच वर राहिला, जणू खाली कसा घ्यायचा हे त्याला आठवत नव्हतं. मग तो हळूहळू उतरला. पाठीमागं माणूस उभा असल्यासारखा मामा दारातून बाजूला सरकला.

त्याचा हात मोजला असता तरी निकाल बदलला नसता. ऊद मेथाला खूप जास्त मतं पडली होती. मला पुढं अनेकांनी हे समजावलं आहे. मला ते पटतं, आणि त्यानं काहीच हलकं होत नाही. ज्या हातानं काही बिघडणार नव्हतं, तोही त्यांनी खाली करायला लावला.

मग आपली ती खास पद्धत. मोजून झाल्यावर कर्णिककाका म्हणाले, "ठराव एकमतानं मंजूर असं लिहू या. बाहेर बरं दिसतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "लिहा बापडे," देशमुखकाकू म्हणाल्या आणि त्यांनी उरलेला वडा उचलला. आपल्या मराठी सभांत असं किती एकमत झालं असेल! आधी भांडायचं, मग मोजायचं, आणि मग कधी भांडण झालंच नव्हतं असं लिहायचं.

माणसं गेल्यावर आई कढईपाशी उभी होती. तेल थंड झालं होतं. बाबा पाणी प्यायला आत आले.

"तुमचा हात वर गेला," आई म्हणाली, "तेव्हा त्यात माझाही धरला ना त्यांनी?"

"अगं, नियमच आहे तसा."

"मी छापखान्यातली मुलगी. मला कुणी विचारलंन्?"

"मग काय करू? उद्या ऑफिसला जायचंय मला. समोर ते बसलेले असतात."

आईनं कढईतलं तेल बरणीत गाळायला घेतलं. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. मामा बाल्कनीत उभा राहून शेजारच्यांच्या खुर्च्या एकात एक घालत होता.

पुढच्याच महिन्यात पटांगणाला हिरवी जाळी लागली. त्याआधीच्या शुक्रवारी मी गेले होते. मामा आणि गुलखान गुडघे टेकून गालिच्याचे खिळे उपटत होते. गुलखान सारखा विचारत होता, "उस्ताद, तेरा आदमी लोग था मीटिंग में. तू बोला नहीं?" मामा खिळ्यांकडं बघत म्हणाला, "बोला भाई. बोला." गालिचा उचलला तेव्हा खाली गडद, दमट वाळूचा लांबट चौकोन दिसला. थोड्याच वेळात उन्हानं तोही बाकीच्या वाळूसारखा झाला.

मग समारंभ झाला. चुन्यानं बेसबॉलचा तो तिरका चौकोन आखला, सगळ्यांना मँगो ज्यूस वाटला, रोहननं फोटोसाठी एकदा बॅट फिरवली. जाळीवर मोठं चित्र लागलं. हिरवळ, दिवे, पायऱ्यांवर बसलेली आई, बाबा आणि दोन मुलं. आणि पुढं काही झालं नाही. कुठल्याशा मोठ्या कंपनीनं हात आखडता घेतला, लीगमधल्या काही कुटुंबांची बदली झाली, बैठका लांबल्या. आमची वर्गणी परत मिळाली, पै न् पै, हे मान्य करायला हवं. पैसे परत मिळाले. जाळी मात्र निघाली नाही.

ती कितीतरी हिवाळे तशीच होती. चुन्याच्या रेषा पहिल्या वाऱ्यानं उडाल्या. चित्रावर ऊन पडत राहिलं. आधी हिरवळीचा रंग गेला, मग पायऱ्यांवरच्या त्या कुटुंबाचे चेहरे. मी शाळेतून येताना बघायचे. डोळे-नाक नसलेली चार माणसं, रिकाम्या वाळूकडं तोंड करून, न होणारा सामना बघत बसलेली. धुकं पडलं की जाळीपलीकडं कुणीतरी पळत येतंय असं वाटायचं. कुणी मेलं नव्हतं तिथं. त्यामुळं ते भूत कुणाचं, हे मला कुणाला सांगता यायचं नाही.

मामा काही शुक्रवार आला. हॉलमध्ये बसायचा, टीव्हीवर मॅच लावायचा, आवाज न करता. टीम विखुरल्या होत्या. कुणी कुठं लांब खेळतात असं कळायचं, पण तिथं जायला बस नव्हती. मग तो म्हणू लागला, शुक्रवारी झोप पुरी करतो. मग एकदा व्हिसा कॅन्सल करून निरोप घ्यायलाच आला. गेली काही वर्षं तो गुहागरला दारं-खिडक्या करतो. फोन केला की विचारतो, "थंडी पडली काय गो तिकडं?" त्या सभेबद्दल मी एकदाच छेडलं. "मामा, राग नाही आला तुला?"

"राग कसला?" तो म्हणाला. "उगाच वर केला हात, असं वाटलं. येवढंच."

गेल्या वर्षी मी गुहागरला गेले होते. मामी बोलता बोलता सांगून गेली. गावात ग्रामसभा असते. पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची होती, भांडाभांडी झाली, सगळा गाव हात वर करून ओरडत होता. "हे मागं बसलेले," मामी म्हणाली. "मी म्हटलं, अहो टाकी आपल्या दारात येतेय, करा ना वर हात. तर म्हणाले, माझ्यानं काय होतंय? गावात घर आहे, मतदार यादीत नाव आहे. तरी हात म्हणून वर करत नाहीत."

ऊद मेथाला वाळू गेली याचं दुःख मी विसरूनही जाईन. या शहरात वाळू जातच असते. पण इथं खाली केलेला हात माणूस विमानात बसून सोबत घरी नेतो, आणि स्वतःच्या गावातही तो खालीच राहतो, हे मला विसरता येत नाही. या देशातली जमीन आपल्यापैकी कुणाची नव्हती. इथला कुठलाच निर्णय आपल्या हातात नव्हता. सगळेच दुसऱ्याच्या सहीवर राहत होतो. एका संध्याकाळी, करामाच्या एका हॉलमध्ये, आपल्या वाट्याला एवढीशी सत्ता आली. आणि कुणाला मोजायचं नाही हे तेवढ्यात आपण ठरवून टाकलं. हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपण ते येतानाच सोबत आणलं होतं, पापड-लोणच्यासारखं, नीट बांधून.

आता पुन्हा थंडी आहे. पुन्हा सभांचे दिवस आहेत. इथल्या मंडळात नव्या हॉलच्या जागेची चर्चा आहे, आणि कुटुंबाला एक मत हा नियम तसाच आहे. तुम्ही दुबईत असाल, पुण्यात असाल, एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर सतरंजीवर बसलेले असाल. तुमच्याकडंही नियम असेलच. भाडेकरूंना मत नाही, बायकांचं मत नवऱ्यानं दिलं, कामाला येणाऱ्यांचा प्रश्नच नाही.

म्हणून एवढं करा. पुढच्या सभेत "कोण कोण बाजूनं?" असं विचारलं जाईल, तेव्हा लगेच हात वर करू नका. आधी उभे राहा आणि विचारा, या निर्णयानं ज्याचं काही जाणार आहे असा कोण इथं आहे, ज्याचा हात तुम्ही मोजणार नाही? कुणी हसलं तर हसू द्या, पण प्रश्न मागं घेऊ नका. आणि त्याचा हात मोजला जाईपर्यंत तुमचाही मोजू देऊ नका.